घरचा वस्तरा

साताऱ्यात मास्तरकी लागली आणि ज्या बाईंच्या घरात मी खोली घेतली, त्या बाईंना दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पाहिलं ते हातात उघडा वस्तरा घेऊन बसलेलं. परसात धुण्याच्या दगडावर, उन्हाकडे पाठ करून. अंगावर विधवांचं तांबडं आलवण, पदर खांद्यावर उतरलेला, डोकं ओलं, आणि वस्तऱ्याचं पातं कानामागे टेकलेलं. मी तोंड धुवायला तांब्या घेऊन निघालो होतो. तांब्या हातातून सुटला, फरशीवर आपटला आणि मी ओरडलो, "अहो, नका! बाई, नका!"

बाईंनी मान वळवली नाही. पातं कानामागून सावकाश मानेपर्यंत आलं, तिथे थांबलं आणि मग त्या म्हणाल्या, "तेरा औट्यांवर चुकवलंत मला. आता पुन्हा पहिल्यापासून."

आणि खरोखरच त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. एक औटा साडेतीन, दोन औटे सात. डोकं करताना त्या औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, म्हणत. आरसा नव्हता. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपायचं आणि उजव्या हाताने वस्तरा फिरवायचा. औटकी संपेपर्यंत डोकं संपलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. मी तिथेच उभा राहून तिसापर्यंतची औटकी ऐकली. माझ्या वर्गातल्या एकाही पोराला ती येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही विसानंतर येत नव्हती.

साताऱ्यातल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला हात लावायचा नाही असं केव्हाच ठरवून टाकलं होतं. ती चाल तशीही मरत आली होती. ज्या म्हाताऱ्या जुन्या वळणाच्या उरल्या होत्या, त्यांची मात्र पंचाईत झाली. कुणी वाढतील तसे केस वाढू दिले, कुणी बाहेरगावचा न्हावी चोरून आणला. आमच्या बाईंनी वस्तरा स्वतःच्या हातात घेतला. सगळी आळी हादरली म्हणे. बाईमाणसाने वस्तरा धरायचा म्हणजे काय! दोन-चार भटजी समजूत घालायला आले. त्यांना बाईंनी सांगितलं, "शास्त्रात आहे." भटजी परत गेले.

हे 'शास्त्रात आहे' म्हणजे बाईंचं ब्रह्मास्त्र होतं. त्यांचे सासरे मोठे शास्त्री होऊन गेलेले. बाईंना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण शास्त्रीबुवांच्या घरात जन्म काढलेली बाई शास्त्राबद्दल बोलते म्हटल्यावर तोंड कोण उघडणार? भाडेकऱ्याने उत्तरेकडे तोंड करून दाढी करू नये, शास्त्रात आहे. गुरुवारी कंदिलाची काच पुसू नये, शास्त्रात आहे. मास्तराने जेवताना विद्यार्थ्यांची निंदा केली तर अन्न पचत नाही, हेही शास्त्रात होतं. मला थोडंफार संस्कृत येत असे, म्हणून एकदा मी जरा फुशारकीने विचारलं, "कुठल्या ग्रंथात आहे हो हे?" त्या म्हणाल्या, "छापलेल्यात नाही ते."

त्यांच्या तोंडाला धार होती, आणि ती कुणाला लागेल याचा नेम नसे. माझ्या सेफ्टी रेझरवर त्यांचा विशेष राग. "ते काय पातं आहे? पत्र्याचा तुकडा. उद्या डबा कापायला घ्या." मग माझ्या हनुवटीकडे बघून डाव्या बाजूला राहिलेलं खुंट बोटाने दाखवत. शाळेला जाताना रोज ही तपासणी होई. हेडमास्तर परवडला, असं मला वाटे.

त्यांचा वस्तरा म्हणजे मोठं प्रकरण होतं. अस्सल विलायती पोलाद. शिंगाची मूठ तडकलेली, तिला तांब्याची तार गुंडाळलेली. न्हाव्याचा वस्तरा गावभरच्या डोक्यांवरून फिरतो, तो आपल्या सोवळ्याच्या घरात नको, म्हणून शास्त्रीबुवांनी तो पुण्याहून मुद्दाम आणवला होता. तेव्हापासून त्याला 'घरचा वस्तरा' म्हणत. न्हावी आला तरी वस्तरा हाच. इतक्या वर्षांत त्याचं पातं पार काळवंडलं होतं. धार तेवढी पांढरी, बाकी सगळीकडे निळे-काळे डाग, जुन्या भिंतीला ओल धरावी तसे.

मी आलो त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात त्या घरात मृत्यू झाला. घराच्या पुढच्या भागात बाईंचे धाकटे दीर राहत. सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांचा एकुलता एक मुलगा विषमज्वराने तेरा-चौदा दिवसांत गेला. मागे राहिली त्याची बायको, इंदू. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. मूलबाळ नाही. इंदूचे केस मोकळे सोडले तर गुडघ्याला लागत. परसात ती केस वाळवत बसली की शेजारणी काहीतरी मागायचं निमित्त काढून यायच्या आणि बघत उभ्या राहायच्या.

अप्पा दुष्ट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. मुलगा गेल्यावर हा माणूस आठ दिवस अंगणात नुसता बसून होता. सुनेवर एकदाही ओरडल्याचं मी ऐकलं नाही. पण त्यांच्या घराण्याचे एक गुरू होते, मोठे स्वामी, आणि स्वामी साताऱ्याला येऊन आपल्या घरी पाद्यपूजा घेणार, भिक्षा घेणार, हे अप्पांचं जन्मभराचं स्वप्न होतं. त्या वर्षी मार्गशीर्षात स्वामी येणार असं ठरलं. आणि स्वामींचा नेम असा, की ज्या घरात केस राखलेली विधवा आहे त्या घरचं पाणीसुद्धा ते घेत नाहीत.

एकदा मी मागल्या दारी जेवत होतो. बाई मला भात वाढत होत्या. अप्पा आले, उंबऱ्याशी उभे राहिले आणि खाली बघून म्हणाले, "वहिनी, न्हावी तर कुणी यायचा नाही. तुमच्याशिवाय कोण आहे?"

मला वाटलं आता बाई कडाडतील. भाताची मूद वाढून झाली, वरण झालं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "करीन."

ही बाई, जिला मी मनातल्या मनात शूर समजत होतो, जिच्या गोष्टी मी शाळेत सहकाऱ्यांना चवीने सांगत होतो, ती त्या पोरीच्या डोक्यावर वस्तरा फिरवायला तयार झाली? आणि तीही इतक्या सहज, कोथिंबीर निवडून देते म्हणावं तशी?

"पण ह्या अशा वस्तऱ्याने नाही," बाई पुढे म्हणाल्या. "पहिल्या क्षौराला डागी लोखंड चालत नाही. शास्त्रात आहे. घरचा वस्तरा साफ करून आणा. पातं लख्ख झालं की बसवते तिला."

अप्पांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. नियम बरोबरच असणार, वहिनी सांगते आहे. प्रश्न एवढाच की वस्तरा साफ कोण करून देणार. साताऱ्यातल्या धार लावणाऱ्यांवर बाईंचा विश्वास नव्हता. बाई माझ्याकडे वळल्या. मी सांगलीचा. महिन्या-दीड महिन्याने घरी जात असे. आमच्या घरामागे एक शिकलगार राहत, तलवारींना पाणी देणाऱ्यांच्या घराण्यातले, त्यांचं कौतुक मीच पूर्वी बाईंना ऐकवलं होतं.

मी सरळ नाही म्हणालो. असल्या कामाला मी हातभार लावणार नाही, वगैरे चार वाक्यं बोललो. अप्पा पुढच्या घरात गेल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही नेला नाहीत तर भाऊजी नेतील. इथेच कोपऱ्यावर. संध्याकाळपर्यंत होऊन येईल." मग मी मुकाट्याने वस्तरा पिशवीत घातला. निदान तेवढे दिवस तरी पोरीचे केस राहतील, एवढाच विचार मी केला होता. बाईंचा विचार माझ्या पुष्कळ पुढे गेलेला होता.

शिकलगार चाचांनी वस्तरा हातात घेतला, नखावर पातं टेकवून पाहिलं आणि मूठ सोडवून बाजूला ठेवली. आधी कुरुंदाचा दगड, मग पाण्याचा मऊ दगड, मग तेल लावलेलं कातडं. काम चालू असताना ते कुणाशी बोलत नसत. चाकाची दोरी ओढणाऱ्या त्यांच्या बायकोलाही खुणेनेच थांब म्हणत. दुसऱ्या दिवशी पातं असं चकचकीत झालं होतं की मी त्यात पाहून मिशी सारखी केली.

साताऱ्याला आल्यावर अप्पांनी ते पातं उन्हात धरलं आणि त्यात स्वतःचा चेहरा पाहिला. बाई म्हणाल्या, "छान झालंय. आता चांगला दिवस बघू." मंगळवार नको. अमावस्या तोंडावर आली होती. मग अधूनमधून बाईंची कंबर धरली. आणि चांगला दिवस उजाडला तेव्हा बाईंनी डबीतून वस्तरा काढला तर पात्यावर पुन्हा काळे-निळे डाग.

"दमट हवा," बाई म्हणाल्या. अप्पांनी सुस्कारा सोडला. वस्तरा पुन्हा माझ्या पिशवीत आला.

असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला चाचांनी पातं पाहिलं आणि कामाचं फडकंच खाली टाकलं. त्यांच्या हातच्या कामाला महिन्याभरात डाग पडतो हे त्यांना सहन होत नव्हतं. "ह्ये काय वं मास्तर? आरशावानी करून दिल्तं म्या. पुन्यांदा काळं कसं झालं?" मी म्हणालो हवा दमट आहे. ते दिवस भूमिगतांचे होते, पोलीस वाटेल त्याची पिशवी उपसत. चाचा जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "खरं सांगा गड्या, कुनाचा गळाबिळा तर कापत न्हाईसा न्हवं?"

परतताना गाडीत मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. पोलीस दिसला की घाम फुटे. 'बाईमाणसाचा आहे' असं सांगितलं असतं तर आणखीच अडकलो असतो.

आणि मग एक दिवस शाळा लवकर सुटली. मी मागल्या दाराने आत आलो. बाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. समोर परातीत केळफूल. आणि विळी भिंतीशी आडवी पडलेली. बाईंच्या हातात घरचा वस्तरा होता. त्या वस्तऱ्याने त्या केळफूल चिरत होत्या, बारीक, एकसारखं, अगदी मन लावून.

मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्या घरात माझी वहाण कुठल्या दगडावर काढायची याचे नियम होते, तिथे सोवळ्याच्या चुलीशेजारी हजामतीचा वस्तरा! भाजीत! आणि त्याबरोबर दुसरीही गोष्ट लक्षात आली. गेले दोन महिने बाई मला दर आठवड्याला केळफुलाची भाजी वाढत होत्या.

बाईंनी वर पाहिलं. जराही दचकल्या नाहीत. पातं उचलून मला दाखवलं. केळफुलाचा चीक लागून ते धारेपासून पाठीपर्यंत काळंनिळं होत चाललं होतं.

"हे शास्त्रात आहे?" मी कसाबसा म्हणालो.

"शास्त्रात नाही, विळीत आहे. केळफूल चिरलं की विळी काळी पडते, बघितली नाहीत कधी? पुरुष कशाला बघतील." मग चिरलेलं पाण्यात टाकत म्हणाल्या, "एकदा स्वामी येऊन गेले की भाऊजींची निकड संपेल. तोवर हे पातं साफ होता कामा नये. बसा, भाजी होतेय."

मी बसलो. ती भाजी मी खाल्ली. त्यानंतरही खाल्ली. देशासाठी लोक तुरुंगात जात होते, मी इंदूसाठी केळफूल खात होतो.

इंदूला यातलं काहीच माहीत नव्हतं. वस्तऱ्याची डबी फडताळातून निघाली की तिच्या हातातलं काम गळून पडे. एकदा मी अंगणात असताना तिने मला विचारलं, "आज आणलात का?" नाही म्हटल्यावर ती भिंतीला धरून खाली बसली. तिला सांगून टाका, असं मी बाईंना पुष्कळदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "तिचा चेहरा हसला तर भाऊजींना कळेल. रडू दे थोडं."

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि कार्तिकी एकादशी उलटताच निरोप आला की स्वामींचा दौरा अलीकडे ओढला आहे, परवा येणार. अप्पा धावतच मागल्या दारी आले. हात जोडून म्हणाले, "वहिनी, डागी तर डागी. पाप माझ्या माथ्यावर. उद्या सकाळी उरकून टाका."

बाईंनी शास्त्र काढलं. ग्रह काढले. कंबरही काढली. अप्पा हलेनात. उलट ते म्हणाले की नाहीतर औंधाकडचा एक न्हावी जादा पैशाला यायला तयार आहे. तेव्हा बाई बराच वेळ चुलीतली राख सारखी करत बसल्या. मग म्हणाल्या, "परका हात नको. मीच करीन."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलोच नाही. बाईंनी इंदूला मागच्या पडवीत नेलं आणि आतून कडी लावली. दाराबाहेर अप्पा पाठ करून उभे. मी परसात. कातड्यावर वस्तरा घासल्याचा आवाज आला. मग इंदूचं एक हुंदका गिळल्यासारखं रडणं. आणि मग बाईंचा आवाज: एक औटा साडेतीन, दोन औटे सात. मला दार फोडावंसं वाटत होतं. हात वर उचललाही. तेवढ्यात अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी ते दार अडवून उभे होते.

औटकी संपली. कडी निघाली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पितळी ताट होतं आणि ताटात काळ्याभोर केसांचा ढीग. त्यांच्यामागे इंदू, तांबड्या आलवणात, दुहेरी पदर पाठीवर सैल आणि पुढे हनुवटीपर्यंत ओढलेला.

"झालं, भाऊजी," बाई म्हणाल्या. "पाच दिवस हिचं डोकं कुणी पाहायचं नाही. शास्त्रात आहे."

मी खोलीत जाऊन ट्रंक भरायला घेतली. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. अप्पांचाही नाही. अप्पा अडाणी होते, पण ही बाई? तिने तर पात्याला इतके महिने चीक पाजला होता, आणि शेवटी एका न्हाव्याच्या धमकीने मोडली! बाई दाराशी येऊन म्हणाल्या, "स्वामी जाईपर्यंत थांबा. उद्या आडाचं पाणी ओढायला माणूस लागेल." मी म्हणालो, दुसरा बघा. त्या म्हणाल्या, "इंदूसाठी थांबा." मी थांबलो.

स्वामी आले. गर्दी उसळली. इंदूने सोवळ्याने भात रांधला, तांब्याच्या कळशीतून पाणी आणून ठेवलं. तिचा पदर तसूभरही सरकला नाही. स्वामींच्या शिष्याने विचारलं, "सोवळ्याचं पाणी कुणी भरलं?" अप्पा ताठ उभे राहून म्हणाले, "आमच्या सुनेने. कालच क्षौर झालंय." स्वामींनी मान डोलावली, भात घेतला, पाणी प्यायले. जाताना अप्पांच्या डोक्यावर हात ठेवला. अप्पा लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर बाईंनी अप्पांना मागच्या पडवीत बोलावलं. मलाही. इंदू कोपऱ्यात उभी होती. बाई तिला म्हणाल्या, "काढ पदर."

इंदूने पदर मागे टाकला. मानेवर अंबाडा होता. मोठा, घट्ट बांधलेला, तिचा नेहमीचा अंबाडा. बाईंनी पुढे होऊन आकडे काढले आणि केस पाठीवरून खाली घरंगळले. गुडघ्यापर्यंत यायचे ते आता वीतभर कमी होते, एवढंच.

अप्पा उंबऱ्यावर मटकन बसले. मग म्हणाले, "वहिनी, ते पाणी स्वामींच्या पोटात गेलं."

"गेलं ना?" बाई म्हणाल्या. "मग आता ही गोष्ट तुमच्याही पोटात राहू द्या."

अप्पांनी वर पाहिलं. आपण किती पक्के अडकलो आहोत ते त्यांना हळूहळू समजत होतं. बोभाटा केला तर स्वामींना बाटवणारं घर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नाव राहणार. आणि आज ज्या सुनेच्या हातचं स्वामी प्याले, तिचे केस उद्या काढायला निघाले तर जग विचारणार, काल काय केलंत? ते इंदूकडे बघत राहिले. शेवटी इतक्या हळू म्हणाले की मला जेमतेम ऐकू आलं, "पोरी, पदर घे. कुणी बघेल."

आठवडाभरातच अप्पांनी स्वतः इंदूला सांगलीला तिच्या मामाकडे धाडायचं ठरवलं. पोहोचवायला मीच गेलो. पुढे ती मास्तरीण झाली आणि माझ्यापेक्षा चांगली झाली. सांगलीहून परतलो तेव्हा सकाळ होती. बाई परसात दगडावर बसून डोकं करत होत्या. वस्तरा तसाच काळा. ह्या वेळी मी औटकी संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणालो, "आता तुम्हीही सोडा हे. इंदूचं तर निभावलं."

त्या वस्तरा पुसत म्हणाल्या, "आता ह्या वयात वाढवून काय वेण्या घालायच्या आहेत?" माझ्याने राहवेना. मी विचारलं, "तुमच्या वेळी कुणीच काही केलं नाही?"

"माझ्या वेळी हा नवा होता. अगदी लख्ख," बाई म्हणाल्या. "भाऊजी लहान होते. वाटीतून पाणी त्यांनीच आणून दिलं. त्यांना वाटलं, वहिनीला न्हाऊ घालताहेत."

पुढच्या घरात अप्पांचा खोकण्याचा आवाज येत होता. बाईंनी पातं मिटलं, डबीत ठेवलं आणि त्यांना चहा द्यायला उठल्या.